समता पंपाचा शोषखड्डा

टाकीजवळची माती निर्दोष सुटली, तेव्हाच शीलाची नजर मागच्या पाणपोईच्या ओट्याकडे गेली.

गेले कित्येक दिवस सगळं घर त्या टाकीच्या नावानं बोटं मोडत होतं. बायपास झाला, मंगरूळपीर रोडवरची वर्दळ आटली, घरचा समता पेट्रोल पंप बंद पडला, तेल कंपनीनं जमिनीतल्या टाक्या उखडून नेल्या, तरी उताराला असलेल्या शेजारच्या भागवतच्या विहिरीवर डिझेलचा तवंग येतच होता. म्हणजे टाकी कधीतरी गळली असणार. टाकी कंपनीची, तेव्हा पापही कंपनीचं. भागवतनं तक्रार केली, कंपनीनं माती तपासायला नागपूरहून माणसं धाडली, आणि घरच्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. पण त्या माणसांची मुख्य, मंजू नावाची तिशीतली बाई, हिला कोणाच्या निःश्वासाशी काही देणंघेणं नव्हतं. तिनं टाकीच्या खड्ड्याभोवती ड्रिल मारलं, निघालेली माती हुंगली, बरण्यांत भरली, त्यावर वास मोजणाऱ्या यंत्राची नळी धरली आणि मान हलवली. इथं थोडंफार होतं, पण विहीर नासवण्याइतकं नव्हतं.

मग तिनं ड्रिल मागच्या कोपऱ्यात, पाणपोईच्या ओट्याला खेटून लावायला सांगितलं. तिथून वर आलेला मुरूम काळानिळा आणि ओशट होता. वास असा, की ड्रिलवाल्यानं तोंडच फिरवलं.

"इथं आधी काय होतं, ताई?" मंजूनं विचारलं.

शीलाला ठाऊक होतं. या पंपावर तिला ठाऊक नाही असं काही नव्हतं. नवऱ्याचं घर सोडून रिसोडहून परत आली त्याच महिन्यात तिनं हातात पेट्रोलचा नोझल धरला होता, आणि बाई गाडीत पेट्रोल भरते हे बघायला लोक टाकी भरलेली असतानाही थांबत. बाप गेला तेव्हा दोन्ही भाऊ रडले आणि शीला गल्ल्यावर जाऊन बसली, कारण बाहेर ट्रक उभा होता.

"शोषखड्डा होता," ती म्हणाली. "माह्या बापानं खोदलेला."

तिच्या डोळ्यांपुढून बाप हलेना. भिवाजीला राखीव कोट्यातून पंप मिळाला, तेव्हा उद्घाटनाचा पेढा हातात धरून शेजारचा पुंजाजी, म्हणजे भागवतचा बाप, चारचौघांत म्हणाला होता, "सरकारनं पंप त देल्ला, पन हे लोक ठेवतीन कसा, थे पाहू." पेढा त्यानं खाल्ला नाही, खिशात घातला. दुसऱ्या दिवशी पहाटे भिवाजीनं पंपाची फरशी धुवायला काढली. धुण्याचा सोडा टाकून, बादल्यांवर बादल्या ओतून, सांडलेल्या डिझेलचा एक डाग राहू दिला नाही. मागून त्याची बायको भागिरथाबाई खराटा मारत ते काळं पाणी नालीनं मागच्या शोषखड्ड्यात लोटायची. भिवाजी होता तोवर एक पहाट चुकली नाही. साहेब लोक यायचे, म्हणायचे, असा चकाचक पंप जिल्ह्यात दुसरा नाही. खड्ड्यात पाणी मुरेना, तेव्हा भिवाजीनं तो आणखी खोल केला, पार मुरमात नेला, दगड भरले, आणि वरून उघडा दिसू नये म्हणून ओटा बांधला. ओटा झालाच होता, तर त्यावर पाणपोई मांडली. बाबासाहेबांच्या जयंतीपासून पाऊस लागेपर्यंत, येईल त्याला पाणी. भलेभले थांबून प्यायचे. पुंजाजी मात्र गाडीत पेट्रोल भरून घ्यायचा आणि पाण्याची बाटली घरून आणायचा.

आपली जागा कोणी घाण म्हणू नये म्हणून बापानं जन्मभर जी धुतली, तिची सगळी घाण अशी उताराला चालत गेली होती. शीलाला हसावं की रडावं कळेना, म्हणून ती चिडली.

"आता काय करा लागन?" तिनं विचारलं.

मंजूनं आडपडदा न ठेवता सांगितलं. ओटा फोडायचा, खड्डा उपसायचा, नासलेली माती निघेल तिथपर्यंत खोदायचं. ती माती जाड ताडपत्रीवर शेडखाली पसरून तेल खाणारे जंतू सोडायचे आणि महिनोन्‌महिने उलथीपालथी करायची. विहिरीवरचा तवंग वेगळा ओढून काढायचा. "पण पावसाच्या आत, ताई. पाऊस पडला की खालचं पाणी वर येणार आणि हे तेल घेऊन पुढच्या विहिरींकडे जाणार. आणि जमीन तुमच्या तिघा भावंडांच्या नावावर आहे. तिघांनीही हो म्हटल्याशिवाय मी मशीन लावणार नाही."

तिघांतला एक तर दुपारीच येणार होता.

*

दुसऱ्या दिवशी जयंती. थोरला राजपाल अकोल्याच्या बँकेतून दर वर्षी आदल्या दिवशी यायचा, आणि आल्या आल्या पताका बांधणाऱ्या धाकट्या रवीच्या चुका काढायचा. या खेपेला त्यानं पताकांकडे पाहिलंही नाही. पंपाच्या रिकाम्या छताखाली सतरंजीवर तो बसला, शीलाचं ऐकून घेतलं, आणि साहेबांना शोभेल अशा आवाजात म्हणाला, "म्हंजे त्या मॅडमनं अजून कंपनीले कळवलं नाई ना?"

"कळवन ना. तिचं कामच हाये थे."

"ओट्याखाली खोदाले आपन हो म्हनलं तरच ना? आपन म्हनाचं, टाकीच गळली. कंपनीचे लोक येतीन, टाकीची जागा खोदतीन, मुरूम भरतीन, जातीन. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"अन् विहीर?"

"विहिरीचं काय?"

"तवंग टाकीतून येतच नाई, त टाकी खोदून विहीर कशी साफ होईन, दादा? दुखते पाय, अन् तू पट्टी बांधतो डोक्याले."

रवीनं खाली मान घालून हसू दाबलं. राजपालनं ते पाहिलं.

"तुले हासू येऊन राह्यलं? हाटेलवाल्याले या जागेचा मी शब्द देल्ला हाये. खालून असं निंघालं म्हनल्यावर थो उभा राहीन का इथं?"

"दादा म्हनते थे बरोबर हाये, ताई," रवी घाईघाईनं म्हणाला. रवीचं लहानपणापासून असंच. ज्याचा आवाज मोठा, त्याच्या ताटात तो जेवायचा. "आपन कायले आ बैल मले मार करा?"

शीला भागिरथाबाईकडे वळली. म्हातारी खांबाला टेकून बसली होती. मांडीवर उद्याच्या फुलांची परडी होती आणि हात हलत नव्हते.

"माय, तू बोल."

"थो ओटा तुया बापाच्या हातचा हाये," भागिरथाबाई म्हणाली. "थो फुटनार नाई."

झालं! शीला एकटी पडली. तिला वाटलं होतं, माय तरी आपल्या बाजूनं होईल. राजपालनं मात्र जिंकल्यासारखा चेहरा केला नाही. उलट तो सरकून जवळ आला आणि त्याचा साहेबी आवाज गळून पडला.

"शीले, हाटेल गेलं खड्ड्यात. तुले समजते का, तू काय मांगून राह्यली? आपल्या आज्याले त्या पुंजाजीच्या घरच्यायनं विहिरीच्या काठाले हात लावू देल्ला नाई. काहून? त म्हने पानी बाटते. वरून ओतलेलं पानी ओंजळीनं पेला थो. अन् आता आपन, त्याच्याच नातवांनी, गावासमोर उभं राहून सांगाचं, हो बाप्पा, तुमची विहीर आमीच नासवली? थो पुंजाजी काय म्हनन, सांग. म्हनन, मी त आंधीच सांगत होतो. अन् जयंतीच्या दिवशी म्हनन!"

रोडवरून एस. टी. गेली, तिचा धुरळा खाली बसला. राजपालचं बोलणं तिला लागलं, कारण त्यात खोट नव्हती. ड्रिल वर आलं तेव्हापासून तिच्याही मनात पुंजाजीचंच तोंड उभं होतं. त्या तोंडाला हे वाक्य आयतं द्यायचं, या विचारानंच तिच्या अंगाची लाही होत होती.

"मी बोलू का?"

रवीची बायको रूपा चहाचे कप गोळा करता करता थांबली होती. मोठ्या दिरासमोर ती सहसा बोलत नसे.

"भागवतभाऊच्या विहिरीवर उन्हाळ्यात पानी कोन भरते, भाऊजी? आपलीच वस्ती. पुंजाजीबुवाच्या घरी नळ हाये, त्यायले काय फरक पडते? महिना झाला आमी टँकरच्या लाइनीत भांडून राह्यलो. गेल्या खेपेला टँकर चुकला, त मी विहिरीचंच वासाचं पानी गाळून पोरीले पाजलं. मले काय मालूम, त्यात काय हाये?"

"तू पाजलं?" रवी म्हणाला.

"मंग काय पाजू? पताका?"

रवीच्या हातातली सुतळी खाली पडली. शीला राजपालकडे वळली.

"दादा, थे म्हनत होते, तवा थे खोटं होतं. म्हनून आपला आजा ओंजळीनं पेला, तरी मान ताठ ठेवून चालला. आता खरं हाये. आता आपन लपवलं, त मान कोनं खाली घातली? पुंजाजीनं नाई घातली. आपली आपनच घातली. अन् लपते का थे? कोंबडं झाकलं म्हनून तांबडं फुटाचं राह्यते का? पावसात तेल पुढच्या विहिरीत जाईन, मंग काय सांगशील? तिथीबी टाकी होती?"

"मी हो म्हननार नाई," राजपाल उठला. "तुले भीमसैनिक व्हाचं असन त हो. बापाच्या नावावर माती टाकून नको होऊ."

"माती टाकून नाई राह्यली मी. काढून राह्यली."

तो चपला घालून रवीच्या घराकडे चालता झाला. रवी सुतळी उचलायला वाकला आणि तसाच वाकून हळूच म्हणाला, "ताई, माहं हो हाये." हे सांगायलाही त्यानं दादा कोपऱ्यावर वळायची वाट पाहिली.

उरली माय. शीला तिच्याजवळ बसली आणि परडीतल्या झेंडूचे देठ तोडू लागली.

"थो पानी ओते अन् मी खराटा मारो," भागिरथाबाई म्हणाली. "त्या खड्ड्यात मीच लोटलं सारं. म्हंजे मीच केलं ना, शीले?"

"माय, तुमाले कोनी सांगतलं होतं का, जमिनीत गेलं की असं होते?"

"नाई सांगतलं. साहेब लोकं त कप द्यायचे, सफाईचा." म्हातारीचा आवाज चिरका झाला. "लोकायनं नाक मुरडू नये म्हनून धुतलं, माय. थंडीत बोटं फुटायची, तरी धुतलं. पुंजाजीचा पंप असता अन् असंच सांडलं असतं, त त्यानं धुतलं असतं का? त्याले गरजच काय होती!"

खरंच होतं ते. ज्यांना पाहून कोणी नाक मुरडत नाही, त्यांना इतकं धुवावं लागत नाही. तिला बापाचा राग आला नाही, मायचाही नाही. ज्यानं पेढा खिशात घातला, त्याचा आला. आणि तरीही विहीर साफ करणं आपल्यालाच भाग आहे, याचा त्याहून जास्त आला.

"मंग ओटा?" तिनं विचारलं.

भागिरथाबाईनं परडी उचलली. "उद्या पाहू," ती म्हणाली आणि उठून गेली.

*

जयंतीला सकाळी विहारात वंदना झाली आणि रिवाजाप्रमाणे सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यांत पंपावर आली. मिरवणूक पंपापासूनच निघायची, पाणपोईवर पाणी पिऊन. रूपानं माठ मांडले होते, पण ओट्यावर नाही. रस्त्याच्या कडेला, छताखाली, टँकरच्या पाण्याचे. लोक माठांकडे आणि रिकाम्या ओट्याकडे आळीपाळीनं पाहू लागले. मंजू आपल्या गाडीपाशी उभी होती. जेसीबी तिनं बोलावून ठेवला होता, पण चालवणाऱ्याला खाली बसवलं होतं. राजपालचा होकार अजून आला नव्हता.

राजपाल मात्र आला होता. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, गळ्यात निळा रुमाल. तो बहिणीपासून दूर उभा राहिला.

शीलानं भागवतला निरोप धाडला होता. तो आला, आणि त्याच्यामागून काठी टेकत पुंजाजीही आला. पुंजाजी येईल असं शीलाला वाटलं नव्हतं. मग तिनं ठरवलं, की हे तोंड जन्मभर समोर उभं राहण्यापेक्षा आज एकदाच उभं राहिलेलं बरं.

"भागवतभाऊ," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुमच्या विहिरीत जे येऊन राह्यलं, थे टाकीतलं नाई. या ओट्याखाली आमचा शोषखड्डा हाये. पंप धुतल्याचं पानी आमी त्यात सोडत होतो. आमाले मालूम नव्हतं, पन केलं आमीच. खोदून काढाचं अन् विहीर साफ कराची, थेबी आमीच करू. साफ होईपर्यंत तुमच्या संत्र्याच्या बागेले अन् वस्तीले पानी आमी पुरवू."

भागवत मातीतला माणूस. त्याला विहीर हवी होती, भाषण नको होतं. त्यानं मान डोलावली आणि विषय तिथंच संपला असता. पण पुंजाजीनं काठी जमिनीवर आपटली.

"म्हंजे शेवटी पानी तुमीच बाटवलं ना? मी त पयल्याच दिवशी म्हनलं होतं."

मागची तरणी मंडळी पुढं सरकली. शीलानं हात आडवा केला. ज्या वाक्याला सगळं घर घाबरत होतं, ते आलं होतं.

"बाटलं नाई, काका. नासलं," ती म्हणाली. "आमच्या आज्याच्या हातानं पानी बाटते म्हनून तुमच्या बापानं विहिरीवर गोमूत्र शिंपडलं होतं. तवा त्या पान्याले काईच झालं नव्हतं. आता झालं हाये, अन् थे हातानं नाई, डिझेलनं झालं. तुमी सांडलं असतं तरी असंच झालं असतं. अन् गोमूत्र शिंपडून थे जातबी नाई. त्याले खोदा लागते."

"बाबा, घरी चाला," भागवत खालच्या आवाजात म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"कायले जाऊ? मी खोटं बोललो का?"

"काका, थांबा." हा आवाज राजपालचा होता.

शीला दचकली. दादा आता माफी मागून सगळं मिटवणार, बँकेतल्यासारखं गोड बोलून पाणी ओतणार, असंच तिला वाटलं. राजपाल गर्दीतून पुढं आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण तो बहिणीकडे पाहत नव्हता. तो पुंजाजीकडे पाहत होता, न्याहाळून, जणू हा माणूस इतका लहानखुरा आहे हे त्याला आजच दिसलं.

"काल रातभर मले झोप आली नाई," तो म्हणाला. "तुमी हे म्हनसान, या भेवानं. सारी जिंदगी माह्या बापाले याच भेवानं झोप आली नाई. पहाटे उठून फरशी धुवे थो. आता म्हनलं तुमी. झालं? अजून काई म्हनाचं हाये?"

पुंजाजीनं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"नाई ना? मंग उभे राहा. पाहून जा." राजपालनं मंजूकडे वळून हात उंचावला. "मॅडम, माहं हो हाये. मशीन लावा. पन हा ओटा मशीननं नाई फोडाचा."

त्यानं गळ्यातला निळा रुमाल काढून रवीच्या हातात दिला, सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि भिंतीला टेकवलेली सब्बल उचलली. बँकेत बसून बसून हात मऊ झालेले. पहिला घाव निसटला, दुसऱ्यानं टवका उडाला. रवीनं दुसरी सब्बल आणली. दोघा भावांनी मिळून वरची फरशी उचकटली, आणि शीलानं हातानं विटा ओढायला घेतल्या. मंजू हातमोजे घेऊन धावत आली.

खालचे दगड उघडे पडले तसा वास वर आला. वर्षानुवर्षांचा, कोंडलेला, डोळ्यांत पाणी आणणारा. गर्दीनं एकदम माघार घेतली. बायांनी नाकाला पदर लावले, पोरं खोकत पळाली. पुंजाजीनंही धोतराचा सोगा तोंडाशी नेला आणि चार पावलं मागं सरला. उघड्या खड्ड्याभोवती तेवढं घरचंच माणूस उरलं.

मग लोकांनी पाहिलं, की भागिरथाबाई गर्दीतून पुढं येते आहे. जयंतीचं नवं पांढरं लुगडं, हातात घमेलं. पदर खांद्यावरच होता. तिनं तो नाकाकडे नेला नाही. ती खड्ड्याच्या काठाशी बसली, भिवाजीनं भरलेला पहिला काळा दगड दोन्ही हातांनी उचलून घमेल्यात ठेवला आणि मुलांकडे पाहिलं.

"आपलं हाये," ती म्हणाली. "उचला."